ताट घेऊन गच्चीवर

बंगळुरात आमच्या बिझनेस स्कूलचे माजी विद्यार्थी तेव्हा असे होते किती? मूठभर. सगळे मिळून एका घराच्या हॉलमध्ये मावायचे, तेही भिंतीला टेकून. पण उन्हाळा लागला की ही मूठभर माणसं अंगात आल्यासारखी कामाला लागायची. पहिलं वर्ष संपलं की आम्हाला दोन महिने कुठल्यातरी कंपनीत समर प्रोजेक्ट करावा लागे. त्यासाठी पुण्याहून येणाऱ्या पोट्ट्याला किंवा पोट्टीला स्टेशनवर घ्यायला कोण जाणार, राहायची सोय कुठं, कानडीवाचून अडलं तर सोबत कोण, हे सगळं त्यांनी आपसात वाटून घेतलेलं असायचं. आणि दर रविवारी चामराजपेटेत त्यांच्यातल्याच अण्णांच्या घरी जेवण.

त्या जेवणाची एक रीत होती. ताटं वाढली की एकेका विद्यार्थ्यानं आपला प्रोजेक्ट सांगायचा आणि सगळ्या सीनियरांनी मिळून त्याची पिसं काढायची. अगदी मनापासून, प्रेमानं आणि तोंडात घास असताना. त्याआधी अण्णा हात वर करून विचारायचे, "आज गच्चीवर कोण?" विद्यार्थी ज्या धंद्याबद्दल बोलणार असेल त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत कुणी नोकरीला असला, तर त्यानं मुकाट्यानं आपलं ताट उचलायचं आणि जिना चढून गच्चीवर जायचं. बोलणं संपून खालून हाक येईस्तोवर तिथंच जेवायचं. पोरांना मोकळं बोलता यावं आणि त्यांच्या कंपनीचं गुपित दुसरीकडे जाऊ नये, म्हणून अण्णांनीच हा नियम काढला होता. एक साबणवाले सीनियर होते, के. आर. पुरमहून स्कूटरवर यायचे. त्या वर्षी साबणाचे दोन प्रोजेक्ट होते, त्यामुळे बिचारे सारखे वर. शेवटी ते घरून येतानाच छत्री घेऊन यायला लागले. भर उन्हात छत्रीखाली बसून सांबार-भात खाणारा तो माणूस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मी नागपूरची. बंगळुरात उतरले तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं आणि तोंड मात्र भारी चालायचं. स्टेशनवर अण्णा उभे होते. निपाणीकडचे, रंगाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण अंगात साधा चौकड्यांचा शर्ट. माझी ट्रंक उचलत म्हणाले, "एवढं काय भरून आणलीस गं? दगड?" मी म्हटलं, "पुस्तकं आहेत जी." तर म्हणाले, "मग दगडच की." तिथून जे आमचं सुरू झालं! मी 'काय करून राहिले' म्हटलं की ते मला चिडवायचे, ते 'काय करायलीस' म्हणाले की मी त्यांना. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मध्ये पडायच्या, "अय्यो, दोघंही गप बसा आणि जेवा." वहिनींचा जन्म त्याच गल्लीतला. घरी मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींची सरमिसळ करून त्या जे बोलायच्या ते ऐकतच राहावंसं वाटायचं. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणायचे.

त्यांच्या गच्चीवर एक खोली होती. दर उन्हाळ्यात ती विद्यार्थ्याची, त्या वर्षी माझी. भाड्याचं विचारलं तर अण्णांनी असं काही पाहिलं की पुन्हा तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

माझी कंपनी मिक्सर बनवायची. कारखाना आनेकलच्या रस्त्यावर, मार्केटवरून बस. त्यांना आता वेट ग्राइंडर काढायचा होता, म्हणजे इडली-डोशाचं पीठ वाटायचं विजेचं दगडी यंत्र. तसलं एक वहिनींच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतंच, चांगलं कमरेएवढं. वाटून झालं की आतला जड दगड दोन्ही हातांनी उचलून काढायचा, तो धुवायचा, मग वाकून हातानं पीठ काढायचं. आमच्या कंपनीचा नवा ग्राइंडर ओट्यावर मावणारा होता आणि त्याची खरी गंमत म्हणजे त्याचं भांडं कलायचं. दगड उचलायलाच नको, भांडं कलवलं की पीठ आपोआप पातेल्यात. बायकांना दगड उचलायचा किती त्रास होतो, ते घरोघरी जाऊन विचारायचं, हा माझा प्रोजेक्ट. पहिल्याच दिवशी माझ्या गाइडनं, म्हणजे कंपनीत माझ्यावर नेमलेल्या मॅनेजरनं, बजावलं होतं की कलणाऱ्या भांड्याबद्दल बाहेर कुठं बोलायचं नाही. मी मोठ्या गंभीरपणे मान हलवली होती.

पण घर म्हणजे का बाहेर? मला तसं वाटलंच नाही. वहिनी माझ्यासोबत चामराजपेटेतली घरं फिरायच्या. मी इंग्रजीतून लिहून आणलेले प्रश्न त्या आपल्या कानडीत असे काही विचारायच्या की बायका पदर खोचून कंबर कुठं दुखते ते दाखवायला लागायच्या. भांड्याचं मी तिथं एक अक्षर काढत नव्हते. पण रात्री जेवताना मात्र सगळं बाहेर पडायचं. कलणारं भांडं कसं, त्याला खिट्टी कुठं बसवलीय, ते आधी कुठल्या गावात विकायला काढणार. त्यांची शाळकरी मुलगी तोवर झोपलेली असायची; वहिनी ऐकायच्या, अण्णा मध्येच एखादा असा प्रश्न टाकायचे की मी दुसऱ्या दिवशी कंपनीत तोच विचारून शाबासकी मिळवायची. किती आपलेपणानं चाललं होतं ते! रविवारी नियम पाळणारं घर सोमवार ते शनिवार सगळं गुपित भाताबरोबर कालवून खात होतं, आणि हे आमच्या तिघांच्याही ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? अण्णा तर रंगवाले.

मग माझा रविवार आला. मी नवा ड्रेस घालून, कागद हातात घेऊन उभी राहिले. अण्णांनी त्या दिवशी 'गच्चीवर कोण' विचारलंच नाही. साबणवाल्यांनीच ओरडून विचारलं, "मिक्सरवालं कुणी आहे का रे?" कुणी नव्हतं. मी सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, अण्णांनी आपलं ताट उचललं आणि जिन्याकडे निघाले.

"अहो अण्णा, रंग नाही, ग्राइंडर आहे," कुणीतरी हसत म्हणालं.

"जरा वर बसतो स्वल्प," ते म्हणाले आणि गेले.

 माझ्या तर तळपायाची आग मस्तकाला गेली. इतके दिवस ज्यांच्या जिवावर मी हे सगळं केलं, तेच माझ्या दिवशी उठून गेले? एवढं का वाईट बोलत होते मी? कागद खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत धाडधाड जिना चढून वर गेले.

अण्णा माझ्या खोलीच्या सावलीत बसले होते. ताटातलं काही खाल्लं नव्हतं.

"काहून उठून आले जी तुम्ही?" मी जवळजवळ भांडायलाच उभी होते.

"बस," ते म्हणाले. मी बसले नाही. मग त्यांनी उभीलाच सांगितलं. रंगाची कंपनी त्यांची कानपूरला बदली करत होती. मुलीची शाळा इथली, वहिनींचा सगळा जन्म इथला, म्हणून ते गुपचूप बंगळुरातच दुसरी नोकरी शोधत होते. आणि शुक्रवारी त्यांना होकार आला होता, विक्रीच्या मोठ्या जागेसाठी. कंपनी मिक्सरवाली. आमची नव्हे, आमच्या स्पर्धेतली.

मी खालीच बसले. आता मला कळलं.

"आज वर येऊन काय उपयोग, सांग," अण्णा म्हणाले. "इतके दिवस जेवताना तू सांगितलंस ते सगळं माझ्या डोक्यात आहे. तिथं खुर्चीवर बसलो की ते काम करणारच. मी नको म्हटलं तरी करणार."

"मग आता?"

"उद्या सकाळी तू तुझ्या गाइडला स्वतःहून सांग. दुसऱ्याकडून कळायच्या आत."

मला इतकी भीती वाटली की रडूसुद्धा येईना. आमच्याकडे नियम साफ होता, प्रोजेक्ट पुरा झाला नाही तर दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही. एक वर्ष जाणार. आणि नागपूरला बाबांनी सगळ्या नातेवाइकांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून मला पुण्याला पाठवलं होतं. मी वर्ष घालवून परत गेले असते तर ते मला एका शब्दानं बोलले नसते, पण लोकांनी त्यांना बोलून बोलून खाल्लं असतं. मी कोणत्या तोंडानं घरी जाणार होते?

सोमवारी सांगितलं. गाइड चिडला असता तर परवडलं असतं. तो फक्त शांतपणे म्हणाला, "तुम्ही त्यांच्या घरीच राहता?" मी हो म्हटलं. त्यानं माझा गेटपास मागून घेतला, म्हणाला डायरेक्टर दौऱ्यावरून आले की बोलतो, तोवर येऊ नका. आणि निघताना जे म्हणाला ते जास्त लागलं: यापुढे तुमच्या संस्थेची मुलं घ्यायची की नाही, तेही बघावं लागेल. म्हणजे माझ्या मागून येणाऱ्यांचीही वाट मी बंद केली होती.

संध्याकाळी अण्णांच्या घरी सगळे जमले. कुणी कुणाला बोलावलं ठाऊक नाही. के. आर. पुरमहून साबणवाले आले, बँकेतले एक सीनियर टाय न काढताच आले. एरवी हे लोक इंग्रजीत बोलायचे, हिंदीत थट्टा करायचे आणि भांडायचे मराठीत. त्या दिवशी सगळं मराठीत चाललं होतं. साबणवाले म्हणाले, माझ्याकडे ये, उरलेल्या दिवसांत नवा प्रोजेक्ट करू, मी रोज बसतो तुझ्यासोबत. बँकवाले म्हणाले, पुण्याला आपल्या स्कूलच्या सरांना मी फोन लावतो. कुणी माझ्या गाइडच्या वरच्या साहेबाला ओळखत होतं. माझ्यासारख्या कालच्या पोट्टीसाठी ही मोठाली माणसं असा जीव टाकत होती. पण त्यातलं एकही औषध लागू पडणारं नव्हतं, ते सगळ्यांना कळत होतं. नवा प्रोजेक्ट धरायला दिवस उरले नव्हते, आणि कंपनीचा विश्वास उडाला होता तो उडालाच होता.

 अण्णा बसले होते खिडकीपाशी.

स्वयंपाकघरातून ग्राइंडरचा आवाज येत होता. तो थांबला. वहिनी हात पुसत दारात आल्या. सगळ्यांकडे नाही, फक्त अण्णांकडे बघून म्हणाल्या, "कानपुरात तांदूळ मिळतात की नाही?"

कुणाला काही समजलं नाही. अण्णांना समजलं. ते मान वर करून म्हणाले, "मिळतात की."

"उडीद डाळ?"

"ती पण मिळते."

"मग सरी, ठीक झालं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. ग्राइंडर पुन्हा सुरू झाला.

मी उठून आत धावले. "वहिनी, नाही हं! माझं वर्ष गेलं तर जाऊ द्या, मी पुन्हा करीन. तुम्ही कुठंही जायचं नाही!" मी अक्षरशः ओरडत होते. वहिनींनी ग्राइंडर बंदसुद्धा केला नाही. त्या आवाजातच म्हणाल्या, "त्यांना ती नोकरी धड करता येणार नाही गं. रोज संध्याकाळी घरी येऊन गच्चीवर बसतील. मी ओळखत नाही होय त्यांना?" आणि मग हळूच, "मला इथून जायला आवडणार आहे का? नाही आवडणार. मी तिथं रोज रडणार आहे, सांगून ठेवते. पण तू आता त्यांच्यासमोर रडू नकोस." असं म्हणून पदरानं माझे डोळे पुसले, पिठाच्या हातानंच. माझ्या गालाला पीठ लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट आनेकलच्या रस्त्याला लागले.  गाइडच्या खोलीत त्यांनी उभ्यानंच सांगितलं, त्या कंपनीला मी सकाळी फोन करून नाही म्हटलंय, तुम्ही चौकशी करा, आणि मग हिचं काम चालू करा.

 गाइडनं इंग्रजीत विचारलं, "ही तुमची बहीण आहे?"

"नाही."

"नात्यातली?"

"नाही. ज्युनियर आहे."

गाइडनं खण उघडला, माझा गेटपास काढून टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. चौकशी त्यानं नंतर केली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तो स्वतः माझ्याबरोबर घरोघरी यायला लागला, आणि पहिलं घर त्यानं कुठलं सांगितलं असेल? वहिनींचं. म्हणाला, मला त्या बाईंना भेटायचं आहे. वहिनींनी त्याला डोसे खाऊ घातले आणि दगड उचलायला लावला. त्यानं उचलला आणि मग बराच वेळ पाठीवर हात ठेवून बसला.

राहिलेला प्रोजेक्ट मी असा केला की आजही कुणी विचारावं. दर रविवारी सीनियरांनी माझी पिसं काढली आणि दर रविवारी अण्णा मी उभी राहिले की ताट घेऊन गच्चीवर गेले. "आता काहून जाता, तुम्ही तर रंगवाले," मी म्हणायची. तर म्हणायचे, "जेवढं डोक्यात गेलंय तेवढंच पुरे की. आणखी कशाला भरतीस?" साबणवाले आपली छत्री त्यांना द्यायचे.

माझे दोन महिने संपत आले आणि त्यांचं सामान बांधायला काढलं. मीही राहिले मदतीला. सगळं बांधून झालं, फक्त ग्राइंडर तसाच. मी म्हटलं, कंपनी ट्रक देतेय ना, टाका की. वहिनी म्हणाल्या, "नाही. हा साबणवाल्यांकडे जाणार. रविवारची जेवणं आता त्यांच्या घरी ना? एवढ्या पोरांना कशात वाटून घालणार त्यांची बायको?" चौघा सीनियरांनी मिळून ते यंत्राचं धूड दारच्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं. चार सुशिक्षित माणसं, चौघांनी चार दिशांना ओढलं आणि शिव्या मात्र एकाच भाषेत घातल्या. टेम्पोत चढवल्यावर वहिनी जवळ गेल्या, दगडावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल, चहा करू." पण चहाची भांडीसुद्धा बांधलेली होती. तेव्हा मात्र त्या रडल्या. खूप रडल्या. मीही रडले. अण्णा गल्लीच्या टोकाला जाऊन दुकानातून सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

शिक्षण संपल्यावर त्याच कंपनीनं मला नोकरी दिली. गाइड आता माझा साहेब झाला. कलणाऱ्या भांड्याचा ग्राइंडर बाजारात आला त्या हिवाळ्यात मी माझ्या पगारातून एक विकत घेतला. साहेब म्हणाला, फुकट पाठव की. मी म्हटलं, नाही, हा माझा. आणि ट्रान्सपोर्टनं कानपूरला धाडला.

बरेच दिवस काही कळेना. फुटला की काय, पोचला की नाही, जिवाला नुसता घोर. शेवटी एका रविवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून फोन लावला. वहिनींनीच उचलला.

"अगं, काय ते भांडं!" त्यांचा आवाज असा फुलला होता की मला तिथंच बरं वाटलं. "एका हातानं कलतं गं! पहिल्यांदा तर मी नुसतंच कलवून बघत बसले, पीठ न घालता. इथल्या थंडीत पीठ लवकर आंबत नाही ते एक सोड. पण कंबर? कंबरेचं नावच नाही. आज डोसे केलेत."

"अण्णा काय म्हणाले?" मला ते ऐकायची फार घाई झाली होती. "आवडला का त्यांना?"

 वहिनी हसू लागल्या, पण नेहमीसारखं नाही.

"त्यांचं काय सांगू तुला? मी आज डोसे वाढून यंत्र पुन्हा चालू केलं तशी ताट उचललं आणि गेले वर. एवढं धुकं पडलंय, अंगावर शाल घेऊन गच्चीवर बसलेत डोसा खात. म्हणतात, मिक्सरवाल्यांचं काम चाललंय, माझं काय काम तिथं?"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बूथवाला बघत होता.  तिकडं वहिनींनी रिसीव्हर बाजूला धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून, जिन्याकडे तोंड करून दिलेल्या हाकेसारखा आला:

"अहो, उतरा की आता खाली! बाजारात आलंय ते!"